दुसऱ्या जागेवरचं प्रोलीन: केमोकाइन बनवण्याचा माझा अनुभव

पीएचडीच्या कामासाठी मला सीएक्ससीएल१२ हे मानवी केमोकाइन लागणार होतं, आणि तेही मिलिग्रॅममध्ये. विकत मिळतं ते मायक्रोग्रॅममध्ये. इवलीशी कुपी, तळाशी दिसेल न दिसेल एवढी पांढरी पूड, आणि बिल पाहिलं की पुढचा प्रयोग करताना हात आखडतो. त्यामुळे ते ई. कोलाय जिवाणूंकडून आपणच बनवून घ्यायचं, असं आमच्या मॅडमनी ठरवलं. पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये तोवर कोणी केमोकाइन बनवलेलं नव्हतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांढऱ्या पेशींनी कुठे जायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवणाऱ्या छोट्या प्रथिनांना केमोकाइन म्हणतात. सीएक्ससीएल१२ चा शोध १९९३ मध्ये जपानमधल्या क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या गटाला लागला. त्याचं नेहमीचं रूप फक्त ६८ अमिनो आम्लांचं आहे. अस्थिमज्जेतल्या आधारपेशी ते सतत स्रवत असतात आणि त्याच्याच ओढीने रक्ताच्या मूळपेशी, बी-पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) पूर्वज पेशी आणि कोवळ्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मज्जेत टिकून राहतात. याचं जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माच्या आसपासच दगावतात. त्यांच्यात बी-पेशी नीट तयार होत नाहीत, हृदयाच्या पडद्यातही दोष राहतो. एवढ्याशा प्रथिनावर एवढं अवलंबून आहे, हे वाचल्यापासून माझा त्यात जीव गुंतला.

पहिली अट सुरुवातीच्या टोकाची होती. प्रथिनाची साखळी लायसिन-प्रोलीन या दोन अमिनो आम्लांनीच सुरू व्हायला हवी, कारण तेच टोक पेशीवरच्या सीएक्ससीआर४ या ग्राहीच्या खोबणीत शिरून संदेश चालू करतं. जिवाणू मात्र प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिन या दुसऱ्याच अमिनो आम्लाने करतो. म्हणून आम्ही पुढे सुमो नावाचं छोटं प्रथिन जोडलं. शेवटी ते यूएलपी१ या एन्झाइमने कापलं की नेमकं लायसिनपासून सुरू होणारं केमोकाइन हाती येतं, मागे काही शिल्लक राहत नाही.

वाढवणं सोपं गेलं. जिवाणूंना प्रथिन बनवायला लावणारं आयपीटीजी हे रसायन घातल्यावर काही तासांत जेलवर (यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात) आमच्या प्रथिनाचा जाड बँड, म्हणजे पट्टा, दिसला. पण सगळं प्रथिन पेशींच्या आत न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात साठलं होतं. केमोकाइनच्या बाबतीत हे नेहमीचंच. त्यात सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं चार असतात, त्यांनी ठरलेल्या जोड्या लावायच्या असतात (नववं चौतिसाव्याशी, अकरावं पन्नासाव्याशी), आणि जिवाणूच्या आतलं वातावरण या जोड्यांना अनुकूल नसतं. मग ६ मोलर ग्वानिडीन या रसायनाच्या द्रावणात गोळे पूर्ण विरघळवायचे, साखळी उलगडायची आणि तिची नव्याने घडी बसू द्यायची.

सगळा कस लागला तो या घडीच्या टप्प्यावर. कोल्ड रूममध्ये स्टररवर मोठा बीकर, त्यात सिस्टीनच्या जोड्या जुळायला मदत करणाऱ्या ग्लुटाथायोनची दोन्ही रूपं घातलेला बफर, आणि वरून थेंब थेंब पडणारं उलगडलेलं प्रथिन. वेग जरा वाढला की दूध फाटल्यासारखं सगळं गढूळ व्हायचं. तेवढं प्रथिन गेलं म्हणायचं. मी बीकरच्या मागे काळा कागद लावला, म्हणजे धुरकटपणाची पहिली रेघ लगेच दिसते. एक थेंब पडू द्यायचा, तो पूर्ण मिसळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. स्वेटर घालून तास न् तास असं उभं राहावं लागतं. आमच्या लॅबमधला एक सीनियर दादा म्हणायचा, "घाई असेल तर आज करूच नकोस." त्याचं शब्दश: खरं होतं.

घडी नीट बसली की नाही, हे साध्या जेलवर ठरत नाही. आम्ही वस्तुमान मोजलं. सिस्टीनच्या जोडीतला डायसल्फाइड बंध जुळताना दोन हायड्रोजन निघून जातात. दोन बंध म्हणजे वस्तुमानात ४ डाल्टनची घट (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन). आठ हजारांच्या आसपासच्या आकड्यातली ती चाराची घट पडद्यावर पाहिली तेव्हा मी मॅडमच्या केबिनमध्ये अक्षरश: पळत गेले. त्यांनी प्रिंटआउट पाहिला आणि म्हणाल्या, "छान. आता पेशी काय म्हणतात ते बघ."

मॅडमच्याच सांगण्यावरून आम्ही दुसरं एक प्रथिन बरोबरीने बनवलं होतं. सगळं तेच, फक्त दुसऱ्या जागेवरच्या प्रोलीनऐवजी ग्लायसिन. हा बदल १९९७ पासून माहीत आहे: असं केमोकाइन ग्राहीला चिकटतं, पण संदेश चालू करत नाही. जेलवर दोन्ही बँड एकाच उंचीवर, एकसारखे. नळ्यांवरची नावं पुसली असती तर जेल पाहून कोणतं कोणतं ते मलाही सांगता आलं नसतं.

पेशींच्या चाचणीसाठी ट्रान्सवेल, म्हणजे एकावर एक दोन कप्पे असलेली भांडी, वापरले. वरच्या कप्प्यात जुरकॅट या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), मध्ये ५ मायक्रॉन छिद्रांचा पडदा, खाली केमोकाइन. ३७ अंशांना काही तास ठेवून खालच्या कप्प्यात उतरलेल्या पेशी मोजायच्या. मूळ प्रथिनाच्या कप्प्यात सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चकाकत्या पेशींची दाटी होती. ग्लायसिनवाल्या कप्प्यात आणि नुसत्या माध्यमाच्या कप्प्यात मात्र इकडेतिकडे तुरळक. ६८ पैकी एका अमिनो आम्लाचा फरक, तोही दुसऱ्याच जागेवर. पुस्तकात वाचलेलं असतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर मी कितीतरी वेळ दोन्ही कप्पे आलटून पालटून बघत बसले.

प्रमाणाचा आलेखही शिकवून गेला. १० नॅनोमोलरच्या आसपास सर्वाधिक पेशी उतरल्या; त्याच्या कितीतरी पट जास्त केमोकाइन दिल्यावर संख्या पुन्हा घसरली. केमोकाइनसाठी असा घंटेच्या आकाराचा आलेख अपेक्षितच असतो. दोन्ही कप्प्यांत सारखंच केमोकाइन टाकलं तेव्हाही पेशी फारशा उतरल्या नाहीत. त्यांना दिशा मिळते ती चढत्या प्रमाणातून. पेशींना आधी सीएक्ससीआर४ ला अडवणारं प्लेरिक्साफोर हे औषध दिलं, तर सगळी हालचाल थांबली, म्हणजे काम सीएक्ससीआर४ मधूनच होत होतं. हेच औषध अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झालं. ते दिल्यावर मज्जेतल्या मूळपेशींची पकड सुटते, त्या रक्तात येतात आणि प्रत्यारोपणासाठी गोळा करता येतात. उलट, व्हिम सिंड्रोम या दुर्मीळ आजारात सीएक्ससीआर४ चा संदेश वेळेवर बंद होत नाही, न्यूट्रोफिल मज्जेतच अडकून राहतात आणि रुग्णाला वारंवार जंतुसंसर्ग होतो. हा दोष २००३ मध्ये सापडला.

शरीर स्वत: हा संदेश कसा थांबवतं, ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. डीपीपी४ नावाचं एन्झाइम याच टोकावरची पहिली दोन अमिनो आम्लं कापून टाकतं, आणि केमोकाइन निकामी होतं. मधुमेहाच्या ज्या ग्लिप्टिन गोळ्या आपल्या घराघरात आहेत, त्या याच एन्झाइमला अडवतात. आम्ही प्रयोगात सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) वापरायचं टाळलं ते यासाठीच, कारण सीरममध्येही डीपीपी४ असतं.

ई. कोलायमधून प्रथिन काढलं की एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूच्या आवरणातल्या विषारी अंशाची, तपासणी ओघाने आलीच. जुरकॅटवर भागून गेलं तरी रक्तदात्याच्या पेशींवर जायच्या आधी ती करावीच लागते, नाहीतर दिसणारा परिणाम केमोकाइनचा की जिवाणूच्या अवशेषांचा, हे कळत नाही.

कोणी हे काम नव्याने सुरू करत असेल तर एक सांगते. पातळ केलेलं केमोकाइन प्लास्टिकला चिकटतं. कमी चिकटणाऱ्या नळ्या घ्या, बफरमध्ये ०.१ टक्का अल्ब्युमिन घाला, मूळ साठा छोट्या भागांत विभागून उणे ८० अंशांना ठेवा आणि एकदा वितळवलेली नळी परत गोठवू नका.