टाचेमागची जुनी शीर

दुपारच्या जेवणानंतर खुर्चीतून उठलो की पहिली काही पावले मी हल्ली भिंतीच्या आधाराने टाकतो. उजव्या टाचेच्या वर, दोन बोटांच्या चिमटीत सहज सापडेल अशा जागी शीर आखडलेली असते. थोडे चालल्यावर ती सैल पडते आणि काही झालेच नव्हते असे वाटू लागते. पळणाऱ्या मंडळींना हा तिचा लबाडपणा चांगला ठाऊक असतो. अंग तापले की दुखणे गायब होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताच व्याजासकट हजर होते.

अकिलीस टेंडनचे, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या या शिरेचे, हे दुखणे घेऊन गेलो, तर फिजिओथेरपिस्टबाईंनी विश्रांतीऐवजी जिना सांगितला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही पायांनी वर उठायचे आणि दुखऱ्या पायावर सगळा भार घेत टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. आधी गुडघा ताठ ठेवून, मग किंचित वाकवून, कारण पोटरीचे दोन स्नायू या एकाच शिरेला येऊन मिळतात आणि गुडघा वाकला की खालच्यावर काम पडते. मूळ पद्धतीत हे रोज 180 वेळा आणि तेही 12 आठवडे करायचे असते. आमचा जिना रहदारीचा आहे. भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखा उभा असलेला प्रौढ गृहस्थ दिसला की प्रत्येक जण थांबतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ‘अहो, लिफ्ट चालू आहे,’ असे कळवळून सांगितले. बाकीच्यांनी तेले सुचवली, आणि ती सगळी कुठल्या तरी आडगावीच मिळणारी निघाली.

ही पद्धत रूढ करणारे स्वीडनचे शल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांची कथा मला फार आवडते. त्यांची स्वतःची हीच शीर दुखत होती आणि वरिष्ठ शस्त्रक्रियेला तयार होईनात. तेव्हा ती एकदाची तुटली तर करावीच लागेल, या हिशेबाने त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली आणि ती तुटायच्या ऐवजी बरी झाली, असे सांगतात. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातले पंधराही हौशी धावपटू पुन्हा पळू लागले होते. संख्या लहान आहे खरी, पण ज्याची टाच दुखते त्याला तेवढी पुरते.

मला खरे अडकवून ठेवले ते 2013 सालच्या एका डॅनिश संशोधनाने. गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि पुढे हळूहळू उतरला; या चढउतारावरून शरीराचा कोणता भाग केव्हा घडला याचा अंदाज बांधता येतो. स्नायू नवे होत राहतात, मात्र या शिरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलत नाही, असे त्यातून दिसले.

म्हणजे जिन्यावर ताणली जाणारी ही शीर सांगलीजवळच्या आमच्या शाळेच्या मैदानावरची आहे. संध्याकाळी मुरमावर पाणी मारलेले असे, फक्कीच्या रेषा नुकत्याच ओढलेल्या असत आणि खो-खोच्या पाटीवर आम्ही आठ जण आलटून-पालटून तोंडे करून चवड्यांवर बसलेलो असू. टाच टेकलेली सरांना खपत नसे. ते मागून येऊन टाचेखालून लाकडी पट्टी सरकवून पाहत आणि ती अडली की ‘पंगतीला बसलात काय?’ असे खेकसत. खो मिळाला की उठणे वगैरे नसेच, थेट सुटायचे, तेही अनवाणी. खांब धरून अंग भिरकावत वळताना सगळे वजन ज्या इंचभर जागेवर येई, ती जागा आता मला चिमटीत धरून दाखवता येते.

पुढच्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पळायचे की नाही, ते तेव्हाचे तेव्हा बघू, असे फिजिओथेरपिस्टबाई म्हणतात. मीही बरे म्हटले आहे. नाही म्हणून तरी काय करणार. दुसरी शीर काही मिळायची नाही.