सीटकडे टक लावून बघणारी बाई

लंडनच्या वॉरन स्ट्रीट स्टेशनवर, व्हिक्टोरिया लाइनच्या फलाटावर, बाकांच्या मागे टाइल्सचा एक चक्रव्यूह आहे. ॲलन फ्लेचर या डिझायनरने तो 1960च्या दशकात केला, आणि मुद्दाम असा केला की पुढची गाडी येण्याआधी तो सुटूच नये. मी अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. गाडी येतेच.

डिझाइन शिकणारी पुण्या-मुंबईकडची मुलं मला अधूनमधून मेसेज करतात. "ताई, तुमची मजा आहे, तिकडे म्युझियमच म्युझियम! आयडिया सुचत नाहीत असं होतच नसेल." व्ही अँड ए म्युझियम आहे खरं, प्रवेशही फुकट, आणि पावसाळी रविवारी मी तिथे जाते. (इथे बहुतेक रविवार पावसाळीच.) पण तिथे वस्तू काचेत ठेवलेल्या असतात. त्या ज्या अडचणीपायी घडल्या, ती अडचण दाराबाहेरच राहते. ट्यूबमध्ये, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत, अडचण तुमच्या शेजारी येऊन बसते, ओला रेनकोट घालून.

सीटचं कापडच घ्या. इथे त्याला मॉकेट म्हणतात. लोकरीचं, थोडं नायलॉन घातलेलं, मखमलीसारखं उभ्या लवेचं. 1930च्या दशकात फ्रँक पिक प्रमुख असताना लंडनच्या वाहतूक खात्याने ही नक्षी काढायला चांगल्या कलाकारांना बोलावलं. त्यातल्या एक एनिड मार्क्स. त्यांच्यापुढचा प्रश्न असा, की दिवसभर मळक्या कपड्यांतली माणसं बसून गेली तरी कापड ताजं दिसलं पाहिजे. म्हणून रंगांत ठळक गडद-फिका फरक हवा. पण तो फार झाला तर हलत्या गाडीत समोरच्याचे डोळे गरगरतात! या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी नक्षी बसवली. सध्या बऱ्याच गाड्यांत 'बारमन' नावाचं डिझाइन आहे. नीट बघितलं तर त्यात लंडन आय, बिग बेन, टॉवर ब्रिज आणि सेंट पॉल सापडतात. मी एकदा ते वहीत उतरवत होते, तर समोरच्या आजोबांना वाटलं मी त्यांचे गुडघे काढतेय. त्यांनी शांतपणे पाय आवरून घेतले.

माझा खरा जीव मात्र लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाच्या ट्यूब स्टेशनांवर. 1906-07च्या सुमारास उघडलेली ही स्टेशनं बाहेरून गडद तांबड्या चकचकीत टाइल्सची. आत फलाटांवर प्रत्येक स्टेशनाची रंगसंगती आणि टाइल्सची मांडणी वेगळी, नावही टाइल्समध्येच भाजलेलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना रंगावरून आपलं स्टेशन ओळखता यावं म्हणून, असं सांगतात. हे ऐकल्यावर मला आठवली आपली निवडणूक चिन्हं. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून अक्षरओळख नसलेला माणूसही चित्र बघून मत देतोय. आणि आपली लोकल! पदर घेतलेल्या बाईचं चित्र, फर्स्ट क्लासचे तिरके पट्टे. डोंबिवलीला गर्दीत धावताना कोण वाचत बसतं? मी कॉलेजची सगळी वर्षं ते पट्टे बघून धावले, पण ते कुणीतरी विचार करून डिझाइन केलंय हे इथे आल्यावर डोक्यात शिरलं.

मागे आमच्याकडे पूर्व लंडनमधल्या एका दवाखान्याच्या पाट्यांचं काम आलं. पेशंट बंगाली, सोमाली, पोलिश बोलणारे. चार भाषांत पाटी लिहिली की अक्षरं मुंगीएवढी होतात. मग मी लेस्ली ग्रीनची उधारी केली. प्रत्येक विभागाला एक रंग, आणि रंगांधळ्यांना अडायला नको म्हणून त्याची स्वतःची नक्षी. अपॉइंटमेंटच्या कागदावर तीच नक्षी, भिंतीवर तीच. आता तिथल्या रिसेप्शनिस्ट बाई "जिन्यावरून वर जा आणि निळ्या लाटा धरून चाला" असं सांगतात.

हॅरी बेकच्या नकाशाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच, म्हणून थोडक्यात. सिग्नल विभागात ड्राफ्ट्समन असलेल्या या माणसाने 1931मध्ये फावल्या वेळात ट्यूबचा नकाशा काढला. रेषा आडव्या, उभ्या किंवा 45 अंशांत. जमिनीवरची खूण एकच ठेवली, थेम्स नदी. भुयारात बसलेल्याला खरं अंतर नको असतं, गाडी कुठे बदलायची तेवढं हवं असतं. आधी साहेबांनी तो नाकारला. 1933मध्ये छापला, तर लोकांनी उचलून धरला.

तर मेसेज करणाऱ्या मुलांनो, दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी अर्धा तास उभे राहा. कडेला, नाहीतर धक्के खाल. एक पाटी, एक पट्टा, एखाद्या फेरीवाल्याची मांडणी निवडा आणि ती कुठल्या अडचणीपायी अशी झाली ते काढून मला पाठवा. स्केच वाईट असलं तरी चालेल. पिंटरेस्टचा स्क्रीनशॉट पाठवलात तर उत्तर देणार नाही.