बडजीभोवतीचं जळगाव

डिसेंबर लागला की पुण्यातल्या आमच्या ऑफिसात एके दिवशी अकराच्या सुमाराला भाजलेल्या वांग्याचा वास सुटतो. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण जळगावची. तिचे वडील रात्रीच्या ट्रॅव्हल्सने भरिताचा डबा पाठवतात, सकाळी ती तो उतरवून घेते आणि थेट ऑफिसात आणते. डबा भला मोठा. सोबत कागदात बांधलेल्या पुऱ्या, कांद्याच्या पातीची जुडी, दोन-चार मुळे. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "काका एवढं कशाला पाठवतात गं?" ती म्हणाली, "थोडं भरीत करताच येत नाही."

चार वर्षं तो डबा खाल्ल्यावर यंदा मी तीन दिवसांची रजा टाकली आणि महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलं. मैत्रिणीला सुट्टी मिळाली नाही. "तू जा, बाबा आहेत," एवढंच ती म्हणाली. काकांनी फोनवर घरीच उतरायचा आग्रह धरला होता, पण मला गावात हिंडून, मिळेल तिथे बसून खायचं होतं. म्हणून स्टेशनजवळ लॉजवर खोली घेतली. काका नाराज झाले असावेत. "बरं, पण तिसऱ्या दिवशी शेतात यायचं बेटा, ते सांगून ठेवतो," म्हणाले.

पहिल्या सकाळी चहा-पोहे झाले, भजे गल्लीत एक फेरी झाली. गरम भजी, सोबत तळलेली मिरची, कागदावर मीठ. चांगली होती, पण माझा जीव भरितात अडकला होता. भजी तळणाऱ्या दादांनाच विचारलं, चांगलं भरीत कुठे मिळेल? त्यांनी कढईतला झारा न थांबवता तीन ठिकाणं सांगितली आणि वर म्हणाले, "खायला कुठंबी जा. पण भाजताना पाहायचं असलं तर दहाच्या आत जा."

त्यांनी सांगितलेल्या भरीत सेंटरवर मी साडेनऊला पोचले. पुढे छोटं दुकान, चार टेबलं. खरं काम मागच्या अंगणात. तिथे पऱ्हाट्यांचा ढीग होता, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी वाळकी झाडं. लोखंडी जाळीवर वांगी ओळीने मांडलेली आणि खाली पऱ्हाट्यांचा जाळ. ही वांगी आपल्याकडच्या जांभळ्या वांग्यांसारखी दिसतच नाहीत. फिकट हिरवी, मोठाली, वर पांढरट रेघा, देठ चांगला जाड. बिया कमी, गर जास्त. एकेक वांगं हातात घेऊन त्याला तेलाचं बोट लावायचं, सुरीने दोन-तीन टोचे द्यायचे आणि जाळीवर ठेवायचं. टोचे दिले नाहीत तर आतल्या वाफेने वांगं फुटतं.

भाजणारे दादा बोलायला मोकळे होते. गॅसवर का नाही, असं विचारलं तर त्यांनी एक वांगं जाळीवरून उचलून माझ्यासमोर धरलं. साल काळी कोळसा झालेली, आणि टोच्यातून पिवळसर रस बाहेर येऊन चरचरत होता. "पऱ्हाटीचा जाळ भसकन् चढतो, लवकर उतरतो. साल जळते, गर शिजतो, अन् धूर आत जातो. गॅसवर एकाच जागी जळतं." मग त्यांनी ते वांगं पाटीत टाकलं. तिथे दोन मावश्या पाण्यात बोटं बुडवत सालं काढत होत्या. देठ ठेवायचा, सगळी साल खाली ओढून घ्यायची आणि देठाला धरून गर बडजीत सोडायचा.

बडजी मी पहिल्यांदाच पाहिली. लाकडाचा ओंडका होडीसारखा कोरलेला, आत वर्षानुवर्षांच्या ठेचण्याने आलेली काळपट चकाकी. त्यात आधी भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घेतात, मग वांग्याचा गर. लाकडी मुसळीने तो ठेचताना आवाज येतो तो ठक असा नाही, ओला, जाड, धप् धप् असा. मिक्सरमधून काढलं तर गराची खीर होते. बडजीत त्याचे धागे शिल्लक राहतात, आणि भरीत तोंडात घातल्यावर जिभेला ते धागेच आधी कळतात.

पुढे दोन वाटा. एक कच्चं भरीत, वरून कच्चं तेल घालून कालवलेलं. दुसरं फोडणीचं, त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही. मी टोमॅटोचं नाव काढलं तेव्हा साल काढणाऱ्या मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांचं बरोबर आहे. त्या वांग्याला आंबट काही लागत नाही, त्याला स्वतःचा गोडवा आहे.

सोबत कळण्याची पुरी. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळायचे, ते कळण्याचं पीठ. त्याची भाकरी घरोघरी होते, भरिताबरोबर पुरी. उडदामुळे पुरी किंचित चिवट होते आणि भरीत उचलायला बरी पडते. वाढणाऱ्या ताईंनी आधी विचारलं, "तुमले तिखट चालीन ना?" मी हो म्हटलं, आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. पण दुसरा घास घेतल्याशिवाय राहवेना.

तासभर बसले तेवढ्यात मला त्या दुकानाचा खरा धंदा दिसला. टेबलावर बसून खाणारे आम्ही सहा-सात जण. बाकी सगळी वर्दळ अंगणाच्या दाराने. कुणी स्कूटरवर स्वतःच्या शेतातली वांगी पिशवीत घालून आणतो, फक्त भाजून-ठेचून न्यायची असतात. कुणी आजी बसून सांगते की मिरची कमी, नातू आलाय. एक जण तीस माणसांचं भरीत सांगायला आलेला, मुलीला बघायला पाहुणे येणार होते. भिंतीशी पुण्या-मुंबईचे डबे ओळीने लावलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि त्यावर नाव, फोन, उतरायचा थांबा. आमच्या ऑफिसातला डबा अशाच एखाद्या भिंतीजवळून निघत असणार, हे मला तिथे उभं राहून कळलं.

चंपाषष्ठीला इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांगं पुन्हा ताटात येतं. थंडीही तेव्हाच पडायला लागते. वांग्यालाही थंडी मानवते. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. पण बाजारात मला तो शब्द कुणाच्या तोंडी ऐकू आला नाही. तिथे विचारतात, "बामणोदचं आहे का?" यावल तालुक्यातल्या त्या गावाचं नाव घेतलं की भाव करणारा माणूस गप्प होतो.

पहिल्या रात्रीचं जेवण मात्र वाया गेलं. थकले होते म्हणून लॉजशेजारच्या एका ठिकाणी शेवभाजी मागवली. आली तेव्हा शेव रश्श्यात विरघळून गेली होती, पिठल्यासारखी. सकाळपासून पातेल्यात शिजत असावी. मला खरंच वाईट वाटलं, कारण बाहेरगावच्या माणसाने पहिल्यांदा हीच शेवभाजी खाल्ली तर तो आयुष्यभर तेच धरून बसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी रिक्षा ठरवून दिली आणि मी भुसावळच्या रस्त्याला एका ढाब्यावर गेले. हा सुरत-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा ६ नंबर, आता ५३. ढाब्यावर ट्रकवाले, बाजाराला आलेले शेतकरी, कॉलेजची मुलं, सगळे लाकडी बाकांवर. मालकांना सांगितलं की मला शेवभाजी कशी करतात ते पाहायचं आहे. त्यांनी भटारखान्यात नेलं. कांदे निखाऱ्यात अख्खे भाजलेले, सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेलं, लसूण, आलं, कोथिंबीर. त्याचं वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं, मग काळा मसाला, मग गरम पाणी. रस्सा दिवसभर उकळता राहतो. शेव मात्र डब्यात कोरडी. ही भाजीची शेव वेगळीच, जाड आणि तिखट, फरसाणाच्या दुकानात वेगळी मागून घ्यावी लागते. गिऱ्हाईक ताटावर बसलं की वाटीत रस्सा आणि त्यावर मूठभर शेव. टेबलावर येईपर्यंत बाहेरून मऊ, आतून अजून कडक. आदल्या रात्री काय चुकलं होतं ते एका मुठीत कळलं.

मालक मला आतल्या फॅमिली रूममध्ये बसवायला निघाले. पडदा लावलेली, पंखा बंद असलेली खोली. त्यांच्या मनात काळजीच होती, पण मला बाहेर बसायचं होतं, जिथे जेवण आणि बोलणं दोन्ही चालू होतं. शेजारच्या बाकावरचे धुळ्याकडचे एक गृहस्थ सरकले आणि अहिराणीत म्हणाले, "बठा ना ताई, जेवाले बठा." मी बसले. गावोगावच्या ढाब्यांवर बाईमाणसाला हे पडद्यामागचं बसणं बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. मालकांना तसं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं.

त्या गृहस्थांशी बोलताना खानदेशात किती स्वयंपाकघरं आहेत ते उलगडत गेलं. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. "रेषा सरकारनी," ते म्हणाले, आणि मग चव कुठे बदलते ते सांगत राहिले. भरिताचा खरा जीव लेवा पाटलांच्या गावांत, यावल-रावेरच्या पट्ट्यात. मिरची नंदुरबारची, तिथे पथारीवर वाळताना लाल गालिचा दिसतो. वरण-बट्टी मात्र सगळीकडची. बट्टीची कणीक जाडसर, त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद. आधी उकडून, मग कापून तुपात तळायची. पंगतीत ती वरणात कुस्करून, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. हे सगळं सांगताना त्यांचं स्वतःचं जेवण गार झालं होतं.

संध्याकाळी बहिणाबाई उद्यानाजवळच्या गाड्यांवरून चक्कर मारली. पाणीपुरी, डोसे, सगळ्या शहरांत असतं तेच. तिथून जवळच मांड्यांची ऑर्डर घेणाऱ्या एका मावशींचं घर काकांनी सांगितलं होतं, तिकडे वळले.

खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. कणीक इतकी सैल की पोळपाटावर ठेवली तर पसरेल. मावशींनी पुरण भरून गोळा थोडा लाटला आणि मग उचलून हातावर घेतला. या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत. प्रत्येक फेरीला मांडा वीतभर वाढत होता. दिव्याच्या उजेडात आतलं पुरण दिसत होतं, इतका पातळ, आणि कुठेही फाटला नाही. मग दोन्ही हातांवरून तो खापरावर उतरवला. मावशींच्या कोपरांजवळ भाजल्याचे जुने डाग होते. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. "आखाजीले दिवसभर उभी असते," त्या म्हणाल्या. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, तेव्हा आमरसाबरोबर मांडेच लागतात. आता घरात करणाऱ्या कमी झाल्या, म्हणून गल्लीतल्या पाच-सहा जणी मिळून ऑर्डरी घेतात. शेजारच्या सुनेला त्या शिकवत होत्या. तिचा मांडा अजून मनगटापर्यंतच येत होता.

तिसऱ्या दिवशी काकांचं शेत. जळगावला लागूनच असोद्याकडे, बहिणाबाई चौधरींचं माहेर ते हेच. केळीच्या बागेच्या कडेला सतरंज्या, चाळीसेक माणसं. काकांचे भाऊबंद, शेजारी, बँकेतले जुने सहकारी, डॉक्टर, त्यांचा ड्रायव्हर. हिवाळ्यात अशी भरीत पार्टी प्रत्येक शेतात एकदा तरी होते. आज काकांकडे, पुढच्या रविवारी दुसऱ्याकडे. पऱ्हाट्यांच्या जाळाजवळ गेले तर तिथे पहिल्या दिवशीचेच भाजणारे दादा. ते मला पाहून हसले आणि त्यांनी हातात मुसळ दिली. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. मग डॉक्टरांनी घेतली, मग ड्रायव्हरदादांनी. ठेचायला हात बदलत राहिले आणि गप्पा तशाच चालू राहिल्या. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची पुरी, बिबड्याचा पापड, मुळा, पातीचा कांदा. जेवताना कुणी कुणाला विचारत नव्हतं, पान रिकामं दिसलं की वाढत होतं. "थोडं भरीत करताच येत नाही" हे मैत्रिणीचं वाक्य मी चार वर्षं वांग्यांबद्दल समजत होते.

रात्री स्टेशनवर सोडायला काका आले, आणि त्यांच्यामागोमाग स्कूटरवर एक अनोळखी जोडपं. भरीत सेंटरवरून त्यांना कळलं होतं की मी पुण्याला निघालेय. त्यांचा मुलगा कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्या आठवड्यात परीक्षा. "डबा नेता का ताई?" आईने विचारलं. डब्यावर चिकटपट्टी, त्यावर मुलाचं नाव आणि फोन. रात्रभर तो डबा मी पायाशी ठेवला. धुराचा वास येत होता, वरच्या बर्थवरच्या काकूंनी विचारलंही, जळगावचं भरीत का?

सकाळी पुणे स्टेशनच्या बाहेर तो मुलगा उभा होता. झोपेतून उठून आलेला, स्वेटर उलटा घातलेला. माझ्या हातातून डबा घेतला, तिथेच झाकण किलकिलं करून नाक लावलं आणि खिशातून फोन काढला. "उठा रे सगळे," तो म्हणाला, "पाव नका आणू. पुऱ्या आहेत."