दुपारले चालस, रातले नही

तापीकाठचे एक आबा पंपाच्या स्टार्टरचा ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा डबा, पिशवीत घालून चोपड्यातल्या माझ्या दुकानात आले. म्हणाले, "भाऊ, दुपारले चालस, रातले नही चालस." जानेवारीची कडाक्याची थंडी, शेतीची लाईट रात्रीची. लाईट आली की ऑटोने मोटार उचलायची, तेच होईना. बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन आबा रोज केळीत जात होते. आधीच्या मेकॅनिकने रिले, म्हणजे मोटार चालू करणारा आतला विजेवरचा स्विच, बदलून पैसे घेतले होते. काही कळलं नाही की रिले बदलायचा, ही आमच्या धंद्यातली वाईट खोड आहे.

टेबलावर रिले टकाटक ओढत होता. तरी चालू असताना मीटर लावला. रिलेला करंट सोडतो तो ट्रान्झिस्टर; त्याच्या कलेक्टरवर, म्हणजे रिलेकडच्या पायावर, ०.२ व्होल्टच्या आसपास हवा, होता अडीच! म्हणजे ट्रान्झिस्टर पुरता उघडतच नव्हता.

रिले १२ व्होल्टचा, त्याची कॉइल ४०० ओहम. पूर्ण करंट ३० मिलीअँपिअर, ओढायला साडेबावीस तरी हवा. ट्रान्झिस्टर बीसी ५४७, आणि त्याच्या बेसला, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पायाला, रेझिस्टर १०० के, म्हणजे एक लाख ओहम. बेसमध्ये जातो जेमतेम ०.११ मिलीअँपिअर. त्याच्या दोनशे पट करंट कलेक्टरने दिला तरच रिले ओढणार.

ही पट, म्हणजे गेन, बीसी ५४७ मध्ये ११० ते ८०० कितीही असू शकते. शेवटचं अक्षर ए असेल तर ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. दुकानदार अक्षर न बघता देतो, मेकॅनिक न बघता लावतो. या बोर्डात ए होता, त्याच्या पायांचं सोल्डर नवं कोरं, म्हणजे नंतर बदललेला. काढून मीटरवर पाहिला: २१०. दुपारी काठावर पास.

गेन थंडीत उतरतो. शेजारच्या लस्सीवाल्याकडून बर्फ आणला, प्लास्टिकच्या पिशवीतून ट्रान्झिस्टरला टेकवला. आकडा सरकत सरकत १८० वर आला. परत बोर्डात लावून बर्फ धरला, तर रिले गप्प. आबा वाकून बघत होते. "हाईच व्हस रातले!"

१०० के काढून ४.७ के लावला. बेसला करंट देणारा मागचा आयसी तेवढा करंट देतो हे आधी तपासलं. आता बेसला २.४ मिलीअँपिअर जातो, गेन १३ असला तरी भागतं. बर्फ धरूनही रिले ओढला, कलेक्टरवर पाव व्होल्टही नाही.

दोन्ही रेझिस्टरची किंमत सारखीच. मग बनवणाऱ्याने १०० के का टाकला, हे मला अजून उमगलेलं नाही. हाती आला तो ट्रान्झिस्टर चालला आणि माल बाहेर पडला, एवढंच झालं असावं. तसले डबे या पट्ट्यात अजून बरेच असतील.