पासपोर्ट कुणाच्या पिशवीत?

"युरोपात फिरताना पासपोर्ट अंगावर ठेवायचा की हॉटेलच्या तिजोरीत?" मे महिन्याच्या सहली ठरू लागल्या की पुण्याहून मला हा प्रश्न हमखास येतो. व्हिसा हातात आलेला असतो, भाकरवडी आणि मेतकूट किती न्यायचं तेही ठरलेलं असतं, पण या एका बाबतीत दहा जण दहा गोष्टी सांगतात. यंदा सुट्टीला मी कोथरूडलाच आहे. आमची आत्या तिच्या भिशी ग्रुपबरोबर निघाली आहे, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

मी ॲमस्टरडॅमजवळ राहते. रोजच्या फिरण्यात माझा पासपोर्ट घरी कपाटात असतो, कारण तिथलं रहिवासी कार्ड पाकिटात असतं आणि तेच ओळखपत्र म्हणून चालतं. आई-बाबा येतात तेव्हा गोष्ट वेगळी असते. नेदरलँड्समध्ये 2005 पासून कायदा आहे की 14 वर्षांवरच्या प्रत्येकाने पोलिसांनी मागितल्यावर वैध ओळखपत्र दाखवलंच पाहिजे. पर्यटकाकडे दाखवण्यासारखं काय असतं? फक्त पासपोर्ट. आधार कार्ड तिथे कुणी ओळखत नाही, डिजिलॉकर तर नाहीच, आणि झेरॉक्सने कायदा पाळला असं होत नाही. उगाच रस्त्यात अडवून कुणी विचारत नाही, हेही खरं. पण ट्रॅममध्ये तिकिटावरून काही गोंधळ झाला किंवा कुठे अपघात झाला, की पहिली मागणी त्याचीच होते.

शेंगेन या युरोपातल्या गटात 29 देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की आतल्या आत पासपोर्टची गरजच नाही. ॲमस्टरडॅमहून रेल्वेने निघालं की दोनेक तासांत ब्रुसेल्स येतं, वाटेत कुणी शिक्का मारत नाही, सरहद्द कधी ओलांडली तेही कळत नाही. तरी आपल्यासारख्यांना देश बदलताना मूळ पासपोर्ट जवळ लागतोच. जर्मनीने तर सप्टेंबर 2024 पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सरहद्दींवर तपासणी सुरू केली. पोलीस डब्यात चढतात आणि एकेकाचे कागद बघतात. तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असलं, तरी देश बदलणार असाल तर पासपोर्ट अंगावरच हवा.

ब्रिटनमध्ये नेमकं उलट. तिथे ओळखपत्र घेऊन फिरण्याची सक्तीच नाही, त्यामुळे लंडन बघताना पासपोर्ट खुशाल खोलीत कुलुपात ठेवा. जपान याच्या दुसऱ्या टोकाला. चेरीच्या बहरासाठी हल्ली पुण्यातून खूप लोक तिकडे जातात, त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: पर्यटकाने पासपोर्ट सतत जवळ ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर 1 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. करमुक्त खरेदीलाही दुकानात मूळ पासपोर्टच लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

अमेरिकेत मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी एक वेगळी सूचना. 18 वर्षांवरच्या परदेशी माणसाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदा तिथे फार पूर्वीपासून आहे. पाहुण्यांच्या बाबतीत हा पुरावा म्हणजे आय-94, देशात आल्याची सरकारी नोंद. तो ऑनलाइन काढून मुलाकडून छापून घ्या आणि सकाळी चालायला जातानाही खिशात असू द्या. तिथल्या तिथे विमानाने जाणार असाल तर मात्र पासपोर्ट न्यावाच लागतो.

म्हणजे उत्तर देशागणिक बदलतं. पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्याकडे घरातले सगळे पासपोर्ट एकाच माणसाकडे असतात. बहुतेक वेळा काकांकडे, खांद्याला लावलेल्या काळ्या बॅगेत, चेनच्या एकाच कप्प्यात.

पुण्याचंच एक ओळखीचं कुटुंब पॅरिसला मेट्रोच्या 1 नंबरच्या मार्गावरून चाललं होतं. ही गाडी लूव्रपासून आर्क द त्रिओम्फपर्यंत सगळी मोठी ठिकाणं घेत जाते, त्यामुळे पर्यटकांनी खच्चून भरलेली असते आणि पाकीटमारांचंही तिच्यावरच लक्ष असतं. काकांची बॅग दारापाशीच गेली. काका, काकू आणि काकूंची बहीण, तिघांचे पासपोर्ट त्यात. पोलीस ठाण्यात काकूंना स्वतःचा पासपोर्ट नंबर विचारला, तर तो सांगता येईना. झेरॉक्सही त्याच बॅगेत होत्या.

पुढे काय होतं ते समजून घ्या. पोलीस तक्रारीची प्रत घेऊन भारतीय दूतावासात जायचं. घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी, एकाच प्रवासापुरतं. शेंगेन व्हिसाचा स्टिकर पासपोर्टबरोबरच गेलेला असतो, म्हणजे पुढचं स्वित्झर्लंड संपलं. तिघांचीही सहल तिथेच थांबली. पासपोर्ट वेगवेगळे असते तर निदान दोघींना पुढे जाता आलं असतं. परत आल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हरवलेल्याच्या बदली नव्यासाठी अर्ज करायचा. 36 पानी पासपोर्टला साधी फी 3000 रुपये, तत्काळसाठी आणखी 2000. आणि हरवल्याची नोंद झाल्यावर जुना सापडला, तरी तो रद्द झालेला असतो. त्यावर प्रवास करायला गेलात तर विमानतळावर अडवतील.

काकूंनी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. लाखोंच्या नोंदी सांभाळल्या. तरी स्वतःचा पासपोर्ट त्यांच्या हातात फक्त इमिग्रेशनच्या खिडकीपुरता आला होता आणि शिक्का पडताच परत काकांच्या बॅगेत गेला होता. मला याचा फार त्रास होतो. काका प्रेमानेच करतात हे, जबाबदारी म्हणून करतात. पण परक्या देशात ज्या कागदावर तुम्ही कोण आहात हे ठरतं, तो ज्याचा त्याने सांभाळायला हवा.

म्हणून आत्याला मी तिच्या शिंपीणबाईंकडे घेऊन गेले. तुळशीबागेतून सहा इंची चेन आणली होती. पासपोर्ट 12.5 सेंटिमीटर लांब आणि 8.8 सेंटिमीटर रुंद असतो, तेव्हा खिसा 15 बाय 11 चा शिवला, कुर्त्याच्या आतल्या बाजूला, कमरेच्या जरा वर, चेनचं तोंड वरून. कापड साधं सुती, कारण दिवसभर अंगाला लागतं. पासपोर्ट आधी छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात आणि मग खिशात, म्हणजे घामाने पानं ओली होत नाहीत. बाईंनी एका दिवसात तीन कुर्त्यांना खिसे लावून दिले. आता ग्रुपमधल्या बाकीच्या बायका त्यांच्याकडे रांगेत आहेत. नवा ई-पासपोर्ट असेल, म्हणजे मुखपृष्ठावर खाली सोनेरी चिन्ह असेल, तर त्यात चिप असते. तो दुमडेल असा ठेवू नका, आणि पुरुषांनी पँटच्या मागच्या खिशात तर कुठलाच पासपोर्ट ठेवू नये.

पहिल्या पानाची, पत्त्याच्या शेवटच्या पानाची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढा, पण ती पासपोर्टपासून लांब, सामानाच्या बॅगेत असू द्या. एक संच पुण्यात घरच्यांकडे ठेवा. तेच फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा, कारण पाकीटमार मोबाइलही नेतो. नंबर, दिल्याची तारीख आणि ठिकाण हे तिन्ही तक्रारीत लागतं. आत्याने नंबर पाठ केला आहे, स्वयंपाक करताना म्हणून दाखवते.

पासपोर्ट तारण म्हणूनही कुणाकडे ठेवू नका. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने देणारे सर्रास मागतात. पैशात अनामत घेणारा दुसरा दुकानदार शोधा. इटलीत हॉटेलवाल्यांना पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, म्हणून काउंटरवर सगळ्यांचे पासपोर्ट मागतात. ते द्यावेच लागतात. रात्री उशिरा पोचल्यावर "सकाळी घेऊन जा" म्हणाले, तर नोंद होईपर्यंत तिथेच खुर्चीवर बसा, आपापला पासपोर्ट उघडून फोटो बघून घ्या आणि मग खोलीत जा.