पिनेलोपी नावाचा अर्थ

पिनेलोपी या नावाचा अर्थ तुम्ही विचारलात म्हणून सांगते. माझ्या नातीचं नाव पिनेलोपी. लेक ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात दिलेली, जावई तिथलाच. नाव ऐकलं की लोक आधी अर्थ विचारतात. ज्यांना थोडंफार ठाऊक असतं ते पुढे म्हणतात, ‘नवऱ्याची वीस वर्षं वाट बघत बसली तीच ना? मुलीला असलं नाव कशाला?’ ती म्हणजे होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ महाकाव्यातली, ओडिसियस राजाची राणी.

ग्रीसमध्ये नातवंडांना आजी-आजोबांची नावं देण्याची रीत आहे. विहीणबाई पिनेलोपी, म्हणून नातही पिनेलोपी. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवतातच की.

अर्थाबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं, की ‘पेने’ म्हणजे बाण्याचं, आडवं सूत, किंवा ते गुंडाळलेली कांडी. मी येवल्याची, मागाच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे माझा जीव या अर्थावर. दुसरं मत ‘पेनेलॉप्स’ नावाच्या बदकाचं. महाकाव्यातली पिनेलोपी तान्ही असताना तिला समुद्रात टाकलं आणि बदकांनी वाचवलं, अशी जुनी कथा आहे. प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 साली एका रानबदकाला हेच नाव दिलं. ते बदक हिवाळ्यात आमच्या नांदूरमधमेश्वरलाही येतं. नराचं डोकं तांबूस, कपाळावर पिवळसर पट्टा, आणि शीळ घालतो अगदी सुरेख.

पण ‘वाट बघत बसली’ हे मला मुळीच पटत नाही. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला गेला, दहा वर्षं लढण्यात आणि दहा परतीच्या वाटेत गेली. इकडे इथाकात, म्हणजे त्याच्या बेटावरच्या राज्यात, 108 जण तिला मागणी घालत वाड्यात ठाण मांडून बसले, त्याचंच धान्य आणि गुरं फस्त करत. तिने सांगितलं, सासऱ्यांसाठी, लाएर्टीससाठी, प्रेतवस्त्र विणते आहे. ते पुरं झालं की लग्नाचं बघू. दिवसा विणायची आणि रात्री दिवटीच्या उजेडात उकलायची. विणलेलं उकलणं किती किचकट असतं हे मागावर बसलेल्यालाच कळेल. सूत तुटू द्यायचं नाही, आणि सकाळी संशय येऊ नये इतकंच उकलायचं. तीन वर्षं हे तिने निभावलं. चौथ्या वर्षी दासीने फितुरी केली म्हणून उघडकीला आलं.

त्याहून मला आवडतो तो पलंगाचा प्रसंग. नवरा परतला, मागणी घालणाऱ्या त्या सगळ्यांना मारलं, समोर येऊन बसला, तरी ती गळ्यात पडली नाही. त्याच्यासमोरच म्हाताऱ्या दाईला म्हणाली, ‘यांनी केलेला तो पलंग खोलीबाहेर काढ आणि अंथरूण घाल.’ तो भडकलाच. पलंग हलणार कसा? जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या खोडाचा त्याने खूर केला होता आणि भोवती खोली बांधली होती. ही खूण त्या दोघांना आणि एका दासीलाच ठाऊक. ते ऐकल्यावर मात्र ती रडत धावली. दोघंही हिकमती, पण शेवटची परीक्षा तिने घेतली. होमर तिच्या नावामागे पुन्हा पुन्हा ‘पेरिफ्रॉन’ म्हणजे विचारी असं विशेषण लावतो, ते उगाच नाही. नातीला हेच नाव मिळालं, याचा मला अभिमान वाटतो.

आणि उच्चाराची धास्ती घेऊ नका. ग्रीसमध्ये पिनेलोपीला लाडाने पोपी म्हणतात. तुम्हीही खुशाल तशीच हाक मारा.