सोलापूरच्या उन्हाळ्यात आल्याची बिअर

बिअर घरी तयार करणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय चालत नाही. मला मात्र बिअर पिण्यापेक्षा ती कशी आंबते, बाटलीत कशी भरतात आणि दर खेपेला तिची चव कशी सुधारता येते हे शिकण्यात रस होता. म्हणून मी आल्याच्या बिअरकडे वळले. हे पेय नावापुरते बिअर असले तरी किण्वनाचे, म्हणजे आंबण्याच्या प्रक्रियेचे, बहुतेक सगळे प्रश्न त्यात भेटतात, आणि त्यातली साखर फारशी खर्ची पडण्याआधीच ते थंड करून थांबवता येते. त्यात अल्कोहोल अगदी थोडे असते, पण असतेच, त्यामुळे ते मी घरातल्या मुलांना देत नाही.

सुरुवात विरजणापासून होते. लक्ष्मी मार्केटमध्ये मिळणारे माती लागलेले, न सोललेले आले फक्त हलके धुवून सालीसकट बारीक चिरायचे आणि काचेच्या बरणीत अर्धा लिटर पाण्यात एक चमचा आले व एक चमचा साखर घालून वर फडके बांधायचे. रोज तेवढेच आले आणि तेवढीच साखर घालत राहिले की सालीवरचे रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढू लागतात. बुडबुडे येऊ लागले आणि वास आंबट-गोड झाला की विरजण तयार झाले असे समजावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या सूक्ष्मजीवांना मारक ठरते. सोलापुरात उजनी धरणाचे पाणी रोज येत नाही, ते साठवावेच लागते, आणि उघड्या भांड्यात साठवलेल्या पाण्यातले क्लोरीन बरेचसे आपोआप निघून जाते. तरीही मी ते उकळून, गार करूनच वापरते.

बिअर करणारे एकाच जातीचे निवडक यीस्ट वापरतात. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, आणि तेव्हापासून प्रत्येक खेपेची चव सारखी ठेवणे कारखान्यांना शक्य झाले. आल्याच्या बरणीत तशी शिस्त नसते. इंग्लंडमध्ये आल्याची बिअर ज्या दाणेदार विरजणापासून करत, त्याचा अभ्यास हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्या दाण्यांमध्ये एक यीस्ट व एक जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात असे त्यांना आढळले. आपल्या सालीवरून उगवणारे विरजण म्हणजे ते दाणे नव्हेत, पण यीस्ट आणि जिवाणू यांची जोडी इथेही असते, आणि त्यांपैकी कोणाचा वरचष्मा राहील हे मुख्यतः तापमान ठरवते.

माझ्या मते सोलापुरात हे पेय करणाऱ्याने सर्वांत आधी तापमान समजून घ्यावे. आल्याची जात किंवा साखरेचा प्रकार ही फार पुढची गोष्ट आहे. थंड देशांतल्या कृतींमध्ये विरजणाला आठवडा आणि बाटलीला आणखी काही दिवस लागतील असे लिहिलेले असते, कारण ती घरे २० अंशांच्या आसपास असतात. एप्रिल-मे महिन्यांत इथे बाहेर पारा ४० च्या वर जातो आणि स्वयंपाकघरात ३४-३५ अंश सहज असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की किण्वनाचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून कृतीतले दिवस इथे निम्म्याहूनही कमी होतात. केवळ वेळ कमी झाली असती तर चिंता नव्हती, पण फार उष्णतेत यीस्टवर ताण येतो, चवीला उग्रपणा चढतो आणि आम्ल तयार करणारे जिवाणू पुढे जातात. यावर मला सापडलेला उपाय इथलाच आहे. परातीत पाणी घालून त्यात बरणी ठेवायची आणि तिला सोलापुरी टेरी टॉवेल असा गुंडाळायचा की त्याचे टोक पाण्यात बुडलेले राहील. इथली उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने टॉवेलमधले पाणी झपाट्याने उडते आणि माठातल्या पाण्यासारखी बरणी गार राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की या युक्तीचा गुण बराच उतरतो.

मुख्य पेयासाठी एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम साखर आणि ४० ते ५० ग्रॅम किसलेले आले दहा-पंधरा मिनिटे उकळायचे, गाळायचे, कोमट झाले की एका कागदी लिंबाचा रस आणि दोन-तीन मोठे चमचे विरजण घालायचे. पाणी गरम असताना विरजण घातले तर ते मरते, एवढे सांभाळले की पुढचा सगळा प्रश्न बाटलीचा उरतो.

बाटलीबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण धोका तिथेच आहे. यीस्ट एक ग्रॅम साखर खाते तेव्हा साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि तेवढेच अल्कोहोल तयार होते. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम वायू असतो, आणि जास्त फसफसणाऱ्या शीतपेयात ७-८ ग्रॅम. बिअर करणारे सगळी साखर आंबून संपल्यावर बाटली भरताना लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर मोजून घालतात, म्हणजे वायू किती तयार होणार हे आधीच ठरलेले असते. आपल्या पेयात मात्र ८० ग्रॅम साखर जवळपास जशीच्या तशी बाटलीत जाते, आणि ती सगळी आंबली तर लिटरमागे ४० ग्रॅम वायू होईल, जो कोणतीही काच पेलू शकणार नाही. आपल्याकडच्या गोटी सोड्याची जाड बाटली हायरम कॉड यांच्या १८७२ च्या पेटंटवरून आलेली आहे, आणि तिच्यात वायूच्याच दाबाने गोटी रबरी कड्याला घट्ट बसते. पण त्या सोड्यात वायू यंत्राने भरलेला असतो आणि भरल्यावर वाढत नाही. आपल्या बाटलीतले यीस्ट जिवंत असते, म्हणून गोटी सोड्याची रिकामी बाटली मिळाली तरी या कामाला वापरू नये.

मी शीतपेयांच्या स्वच्छ धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या वापरते आणि वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडते. बाटली अंगठ्याने दाबून पाहता येते, हा तिचा मोठा गुण आहे. ती थोडीही ताठ वाटू लागली की लगेच फ्रिजमध्ये जाते. लिटरमागे ८ ग्रॅम साखर आंबली तर ४ ग्रॅम वायू आणि आकारमानाने अर्धा टक्का अल्कोहोल होते, आणि मला तेवढेच पुरते. सोड्यासारख्या फसफसण्याच्या हट्टापायी अल्कोहोल दुप्पट करण्यात मला अर्थ वाटत नाही. उन्हाळ्यात ही वेळ काही तासांत येऊ शकते, म्हणून बाटल्या सकाळी भराव्यात, रात्री भरून झोपू नये.

फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, त्याचे काम फक्त अतिशय मंदावते. वीज बराच वेळ गेली तर ते पुन्हा जागे होते, अशा वेळी बाटल्या परत दाबून पाहाव्यात आणि झाकण किंचित सैल करून वायू सोडावा. पिण्याआधी बाटली पूर्ण गार होऊ द्यावी. २० अंशांना पाणी जवळजवळ स्वतःच्या आकारमानाइतका वायू विरघळवते, तर शून्य अंशांना ते प्रमाण पावणेदोन पटींच्या आसपास असते. म्हणून उबदार बाटली उघडताच पेय बाहेर उसळते आणि गार बाटलीतला वायू ग्लासात उतरतो.

सुधारणा करताना मी एका खेपेला एकच गोष्ट बदलते आणि तारीख, खोलीचे तापमान व बाटली ताठ व्हायला लागलेला वेळ वहीत लिहिते. साखरेऐवजी गूळ घेतला तर चव खोल होते, पण आल्याचा तिखटपणा थोडा झाकला जातो, म्हणून मी आता अर्धी साखर आणि अर्धा गूळ घेते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापूरच्या डाळिंबाचा रस या पेयात फार सुरेख लागतो. मात्र १०० मिलिलिटर रसात १२ ते १४ ग्रॅम साखर असते, आणि ती यीस्टला लगेच खाता येण्याजोगी असते, त्यामुळे रस घातल्यावर मूळ साखर तेवढी कमी करावी आणि बाटली अधिक वेळा दाबून पाहावी.